आजारी पडण्याचा सराव

लिहिण्याजोगं काही माझ्याकडे आहे, हे मला अजून नीटसं पटलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकांवर नावं घालणं, नाहीतर आबा सांगतील तशी सामानाची यादी उतरवून घेणं. माझे वडील, आबा, आचारी आहेत. राधानगरीकडच्या लग्नांत चारशे पानांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या मुलाने याद्या सोडून दुसरं काही लिहायला घेतलं, तर घरचेही थोडे संकोचतात. तेव्हा आधीच माफी मागतो. चूकभूल झाली तर ती माझी समजावी, ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांची नाही. त्यांचं नाव मी लिहीत नाही. विचारून लिहावं तर ते आत्ता इथे नाहीत. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणतो.

शाहूपुरीत गुळाचं एक अडत दुकान आहे. खाली गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, फडक्यात गुंडाळून ठेवलेले असतात, आणि वरच्या लाकडी माळ्यावर त्यांचा वास बाराही महिने तरंगत असतो. दुकान अण्णांच्या धाकट्या भावाचं. घराणं मूळचं गडहिंग्लजकडचं, घरात कानडी, बाजारात मराठी. माळ्याचे फळी ठोकून दोन भाग केलेले होते. मागच्या भागात बी.ए. करताना मी भाड्याने राहायचो आणि पुढच्या भागात अण्णा विमा विकायचे.

ते एकच विमा विकत. परदेशी जाणाऱ्या माणसाला तिकडे अचानक दुखणं आलं, हाड मोडलं, तर दवाखान्याचा खर्च विमा कंपनीने भरायचा. त्यासाठी निघायच्या आधी इथे फॉर्म भरायचा. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आया, सहलीने युरोप बघायला निघालेले निवृत्त मास्तर, असे लोक त्यांच्याकडे येत. मोटारीचा, आगीचा, आयुष्याचा विमा मागायला कुणी आलं तर अण्णा त्याला समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या माणसाकडे पाठवून देत. म्हणत, "मोटारीला परमुलखात भ्या वाटत न्हाय. माणसाला वाटतं."

स्वतः अण्णा कुठेच गेलेले नव्हते. बेळगाव, मिरज, आणि एकदा पुणं. पण सकाळी ब्रश करताना फळीपलीकडून मला हाक यायची, "काय बी.ए., उठलासा न्हवं? लंडनात आज पाऊस हाय बरं का!" जणू मी छत्री घेऊन लंडनला निघालो होतो. वर्तमानपत्रात जगातल्या शहरांचं हवामान एका बारीक चौकटीत येई. ती चौकट ते भिंगातून वाचत आणि मग दिवसभर त्याच हवामानात वावरत. मे महिन्यात, कोल्हापूर तापलेलं असताना, एकदा त्यांनी खांद्यावर शाल घेतलेली मी पाहिली. कुठल्याशा गावात बर्फ पडला होता आणि तिथे त्यांनी विमा उतरवलेलं एक माणूस होतं.

माळ्यावर यायला पंधरा पायऱ्यांचा उभा जिना होता. भाऊ कितीदा म्हणाले, खाली टेबल टाका, म्हातारी माणसं येतात. अण्णा ऐकत नसत. ते मला एकदा म्हणाले, "हा जिना न्हाय, डॉक्टर हाय माझा." गिऱ्हाईक जिना चढू लागलं की ते डोळे मिटून ऐकत. कुठल्या पायरीवर पाय जड झाला, कुठे कठडा धरला, वर आल्यावर पहिला शब्द निघायला किती वेळ लागला. फॉर्मवर तेरा प्रश्न होते, अमुक आजार आहे काय, तमुक होता काय. आमच्याकडची माणसं तेराही प्रश्नांना 'नाही' म्हणत. प्रवासाच्या तोंडावर दुखण्याचं नाव काढणं अशुभ, असं सगळ्यांच्या मनात. अण्णा ऐकून घेत आणि मग हळूच म्हणत, "अक्का, आठव्या पायरीला थांबलासा. गुडघा का छाती?"

कधी कधी ते गिऱ्हाइकाच्या घरी चहाला जात आणि पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या गोळ्यांची पाकिटं बघून येत. कुणी रागावलं तर शांतपणे सांगत, "खरं लिवलं तर त्या एका दुखण्याचं ते देणार न्हाईत, बाकी समदं देतील. खोटं लिवलं तर कशाचंच देणार न्हाईत. कुठलं परवडतंय बगा."

फॉर्म झाला की सराव. हा त्यांचा सगळ्यात विचित्र प्रकार. तिकडे आजारी पडलं तर एका क्रमांकावर फोन करायचा असे. पलीकडचा माणूस इंग्रजीत बोलणार, मग आपलं माणूस गांगरणार. म्हणून अण्णा गिऱ्हाइकाला गुळाच्या रिकाम्या पेटीवर बसवत, हातात तारा तुटलेला एक काळा फोन देत, आणि स्वतः कपाटाच्या मागे जाऊन परदेशातला माणूस होत. तिथून आवाज येई, अगदी वेगळा, मऊ, संथ, दूरचा. "यस प्लीज. हाऊ मे आय हेल्प यू?"

नेसरीची एक अक्का आठवते. मुलीकडे अमेरिकेला निघाली होती. फोन हातात धरून ती हसू लागली.

"अवं अण्णा, जायच्या आधीच आजारी पाडतासा व्हय मला? तोंडात साखर घाला की जरा!"

कपाटामागून आवाज आला, "मॅडम, आय डू नॉट अंडरस्टँड मराठी."

"आता काय करायचं ह्या माणसाला!" अक्का माझ्याकडे वळून म्हणाली. मी दारात उभा होतो. "कन्नडात सांगू का त्याला?"

"मॅडम, युवर पॉलिसी नंबर प्लीज."

शेवटी अक्काने तीन वाक्यं पाठ केली. माझं नाव हे, माझा नंबर हा, मला इथे दुखतंय. कुठे, ते बोटाने दाखवायचं नाही, सांगायचं. कारण फोनमधून बोट दिसत नाही, हे अण्णा चार वेळा समजावत. ती वाक्यं न अडखळता आली, की ते पितळी वाटीतलं चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवत. घरातून निघताना आपण हातावर दही ठेवतो तसं. त्यांच्याकडून सरावाशिवाय दही मिळत नसे. अक्काने दही चाटलं आणि एकाएकी तिचे डोळे भरून आले. "आता खरंच जातीया म्हणायचं," ती म्हणाली.

मी ते सगळं फळीपलीकडून ऐकत असे. माझं इंग्रजी फार कच्चं होतं; शाळेत आम्हाला ते मराठीतूनच शिकवलं गेलं. पण दोन वर्षांत माझ्या कानात अण्णांचं इंग्रजी असं मुरलं, की मला 'माझ्या ओटीपोटात तीव्र वेदना होत आहेत' हे अस्खलित सांगता येत होतं, आणि 'माझा छंद वाचन' हे येत नव्हतं. कॉलेजातल्या तोंडी परीक्षेत मॅडमनी स्वतःबद्दल सांगायला सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते 'प्लीज नोट माय नेम अँड नंबर.' वर्ग हसला. मी संध्याकाळी अण्णांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. "नीट बोललास की. नाव सांगितलंस, नंबर सांगितलास. पुढचं ते इचारतील."

त्यांच्याकडे शाळेतला एक जुना नकाशासंग्रह होता. त्यांचं माणूस ज्या शहरात असेल त्या ठिकाणी ते गुळाचा एक कण ठेवत. माणूस परत आलं, की तो कण उचलून तोंडात टाकत. एके दुपारी मी अभ्यास करत होतो, तेवढ्यात पलीकडून "अय्यो" असा आवाज आला. जाऊन बघतो तर मुंग्यांची रांग आफ्रिकेवरून चढून अटलांटिक समुद्र ओलांडत होती, आणि नेसरीच्या अक्काचा कण एका मुंगीने उचलून न्यायला घेतला होता. अण्णांनी त्या मुंगीला मारलं नाही. ते तसेच उठले, खाली एस.टी.डी. बूथवर गेले आणि अमेरिकेला फोन लावला. परत आले तेव्हा चेहरा निवळलेला होता. "बरी हाय. भांडी घासत व्हती. मला म्हणाली, अण्णा, एवढ्या लांबनं फोन केलासा, काय काम? मी काय सांगू? मुंगी म्हणून सांगू?" दुसऱ्या दिवसापासून नकाशावर चिंचोके आले.

रोज तिन्हीसांजेला, लिंगपूजा झाली, की ते नकाशा उघडत. एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून हळू आवाजात म्हणत: नेसरीची अक्का, गुडघे. बँकेतले कुलकर्णी, रक्तदाब. उत्तूरचे मास्तर, साखर. आणि शेवटी, "माझी समदी माणसं बरी हायेत." दिवा, गुळाचा वास, खाली बाजारात उतरत्या शटरचा आवाज, आणि फळीपलीकडून जगभर फिरत असलेलं ते बोट. मी पुस्तक मिटून ऐकत राहायचो. मला घराची आठवण यायची आणि त्याच वेळी, जिथे मी कधी जाणार नाही अशा गावांचीही यायची.

परत आलेली माणसं त्यांना मनोऱ्यांचे, कारंज्यांचे फोटो दाखवत. अण्णा सभ्यपणे बघत आणि विचारत, "दवाखाना बघितलासा का?" कुणी कशाला दवाखाना बघतोय! ते हिरमुसत. इतकी वर्षं तिकडच्या दवाखान्यांत माणसं पाठवायची तयारी करणाऱ्या या माणसाने एकही दवाखाना पाहिला नव्हता. मला एकदा म्हणाले, "सपनात येतो बग. लांबच लांब पांढरा बोळ. बोळाच्या शेवटाला खिडकी. खिडकीतनं काय दिसतं, तेवढंच दिसत न्हाय."

रविवारी ते एस.टी.ने गगनबावड्याला जात. एकदा मला घेऊन गेले. घाटाच्या तोंडाशी आम्ही उभे राहिलो. कोकण दिसतच नव्हतं. पायाखालून ढग वर येत होते. "विमानातनं ढग खाली दिसतात म्हणं," अण्णा म्हणाले, "मग आपण रोज हितं विमानात की." पुढच्या चढावर मात्र ते दोन-तीनदा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. मी विचारलं, तर म्हणाले, "ढग बघतोय." मी पण बघत बसलो. मला ते खरंच वाटलं.

आणखी एक गोष्ट मला खरीच वाटत होती. अण्णा सकाळी सहाला, दुकान उघडायच्या आत, माळ्यावर येत. मी अंथरुणातून त्यांची पावलं ऐकायचो. तीन पायऱ्या, मग शांतता. तीन पायऱ्या, मग शांतता. असे पाच टप्पे. मला वाटायचं, ते पायऱ्यांवर थांबून जप करतात.

आता आबांचं सांगायला हवं. ते सांगायला मला सगळ्यात जड जातंय.

कोल्हापुरातली एक सहल कंपनी दरवर्षी युरोपला माणसं न्यायची, आणि बरोबर आपले आचारीही न्यायची. परदेशात बसून पिठलं-भात मिळाला की आपली माणसं खूश. त्या वर्षी एका लग्नात कंपनीचे मालक आबांच्या हातचं जेवण जेवले आणि त्यांनी आबांना विचारलं, येता का. आबा त्या दिवशी घरी आले ते चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसले. मग आईला म्हणाले, "सगळ्यांच्या लग्नात मागच्या दारानं गेलो. आता विमानात म्हणं म्होरल्या दारानं चढायचं."

पण आबांना दमा होता. चुलीच्या धुराने वीस वर्षांत छाती पोखरलेली. पावसाळ्यात ते बसून झोपत. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं: माणूस ठणठणीत पाहिजे, आणि विम्याचा कागद अण्णांकडून पाहिजे.

आबांना नेलं नसतं तर आभाळ कोसळलं नसतं. पण त्यांनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट स्वतःसाठी मागितली होती, आणि ती पंधरा पायऱ्यांवर अडकली होती. त्या पायऱ्यांचं गुपित मला माहीत होतं. मी आबांना सांगितलं, "एकदम चढू नका. तीन पायऱ्या चढायच्या, थांबायचं. श्वास खाली बसू द्यायचा. परत तीन. कुणी विचारलं तर भिंतीवरची कॅलेंडरं बघतोय म्हणायचं." मी ती चाल रोज सकाळी ऐकत होतो, म्हणून मला सुचली असेल. तेव्हा एवढंही लक्षात आलं नाही.

आबा तसेच चढले. वर आले तेव्हा श्वास एकसारखा होता. अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी आबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पावणं," ते आबांना म्हणाले, "ही चाल कुणी शिकवली तुमास्नी?"

"कसली चाल?" आबा म्हणाले. "हळू चढतोय. लोकाचं घर हाय."

अण्णांनी फॉर्म पुढे ओढला. तेरा प्रश्न विचारले. आबांनी तेराही वेळा 'न्हाय' म्हटलं. दम्याच्या प्रश्नाला जरा मोठ्याने म्हटलं. अण्णांनी एकही 'नाही' लिहिला नाही. टोपण लावून पेन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "आधी सराव करू."

आबा पेटीवर बसले. अण्णा कपाटामागे गेले. तो मऊ, दूरचा आवाज आला. पण या वेळी तो मराठीत आला. तसा तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"बोला. काय होतंय तुमाला?"

आबांनी काळा फोन कानाला लावला. एक तर सराव आहे, दुसरं, समोर कुणी नाही. त्यांना वाटलं, कसला तरी आजार सांगायचाच आहे.

"श्वास घेता येईना झालाय," ते म्हणाले.

"कधीपासनं?"

"लई वरसं झाली."

"रात्री झोप?"

"बसून. भिताडाला टेकून. मालकीण पाठ चोळती. पोराला म्हाईत हाय, तो कूस बदलून झोपल्यागत करतोय. चुलीपाशी उभं ऱ्हायलो की आत कुणीतरी फडकं पिळल्यागत होतंय. लगीन मोडाय नको म्हणून मी बाहीर जाऊन खोकून येतोय. कुणाला सांगू? आचाऱ्याला दमा हाय म्हटलं तर बोलवंल का कोण?"

खाली कुणीतरी रवे मोजत होतं. आबांनी फोन खाली ठेवला. तारा तुटलेला तो फोन त्यांनी इतक्या हळू ठेवला, जणू पलीकडे खरंच कुणी होतं.

अण्णा बाहेर आले, पेन उचललं आणि दम्यापुढे 'होय' लिहिलं.

"अवं, ते सरावातलं व्हतं!" आबा उठलेच. "खोटं व्हतं ते! मालक मला न्हेणार न्हाईत ओ अण्णा. एवढं एक खोडा. तुमचं काय जातंय?"

"माझं काय जात न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमचं जाईल. तिकडं कुठंतरी हॉटेलाच्या भटारखान्यात. आणि मग मी नकाशावर बोट ठेवून काय म्हणू?"

मालकांनी कागद बघितला आणि दुसऱ्या आचाऱ्याला नेलं. मी अण्णांशी बोलणं सोडलं. सकाळी "बी.ए., पॅरिसात ऊन हाय" असा आवाज आला, की मी मुद्दाम भांडी वाजवायचो. आता ते आठवलं की मान खाली जाते. कारण त्याच महिन्यात अण्णा आबांना दर सोमवारी छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जात होते, औषध तोंडात कसं ओढायचं ते शिकवत होते, आणि हे आबांनीही मला सांगितलं नव्हतं. महिन्याभराने डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अण्णा सहलीच्या मालकांकडे गेले. काय बोलणं झालं, ते मालकांनीच पुढे आबांना सांगितलं. अण्णा म्हणाले होते, "तुमच्या यादीत दमा लिवलेला माणूस एकच हाय. न लिवलेलं किती हायेत, ते मला जिन्यानं सांगितलंय. तुमी कुणाला घाबरायचं ते तुमी ठरवा." दुसऱ्या सहलीबरोबर आबा गेले. दही अण्णांनी ठेवलं. मी मागे उभा होतो. त्यांनी वाटी पुसताना माझ्याकडे न बघता विचारलं, "काय बी.ए., भांडी फुटली का समदी?" आणि मी पुन्हा बोलू लागलो.

स्वित्झर्लंडमधल्या एका गावात सहलीतल्या एक निवृत्त बाई हॉटेलच्या पायरीवरून पडल्या. बाकी मंडळी डोंगर बघायला गेलेली. हॉटेलात बाई आणि भाजी चिरणारे आबा. आबांनी हात पुसले, बाईंच्या पर्समधला कागद काढला आणि फोन लावला. पलीकडून मऊ, संथ, दूरचा आवाज आला. आबा सांगतात, "मला वाटलं, अण्णाच हायेत कपाटामागं. म्हणून भ्या वाटलं न्हाय." नाव सांगितलं, नंबर सांगितला, कुठे दुखतंय ते बोट न दाखवता सांगितलं. बाईंच्या फॉर्मवर त्यांचा रक्तदाब खरा लिहिलेला होता. कुणी हरकत घेतली नाही. बाईंचं हाड नीट बसलं.

परत आल्यावर आबा पंधरा पायऱ्या चढून गेले, सरळ, मध्ये एकदाच थांबून. अण्णांनी त्यांना पेटीवर बसवलं आणि दवाखाना ऐकला. दुसऱ्या दिवशी परत ऐकला. मी तो किती वेळा ऐकला असेल!

"बोळ केवढा?"

"आपल्या मंगल कार्यालयाएवढा लांब."

"वास?"

"वासच न्हाय, अण्णा. पाण्याला असतोय तसा."

"आणि खिडकी?"

"हाय की शेवटाला. खिडकीतनं हिरवा डोंगर. गाई चरत्यात. बेंदराला बैलाच्या गळ्यात बांधतो तसल्या घंटा एकेकीच्या गळ्यात. काच लावलेली, पण आवाज येतोय."

अण्णा डोळे मिटून म्हणत, "म्हंजे राधानगरीच की." आबा म्हणत, "व्हय. पाऊस तेवढा न्हाय."

मग मी एम.ए.साठी पुण्याला आलो. माळ्यावरची माझी खोली दुसऱ्या मुलाने घेतली. मोबाईल आले, विम्याचे कागद मोठ्या शहरांतल्या ऑफिसांतून परस्पर होऊ लागले, नकाशावरचे चिंचोके कमी झाले. आबा सुट्टीत सांगत, अण्णांनी टेबल खाली आणलंय. मला तेव्हाही काही समजलं नाही.

या पावसाळ्यात आबांचा फोन आला. अण्णा आमच्या घरी आले होते. तो काळा फोन पिशवीत घालून.

"मला म्हणालं, आचारी, आज तुमी दाराआड बसा. मी बसलो. काय होतंय म्हणून इचारलं. तर बोलाय लागलं. लहानपणी ताप आलता म्हणं. तवापासनं काळजाची एक झडप नीट लागत न्हाय. मिरजंच्या डॉक्टरनी तवाच सांगितलंय. जिना चढवत न्हाय. तीन पायऱ्या झाल्या की थांबायला लागतंय. तीस वरसं समद्यांच्या आधी येत व्हते, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून." मग आबा हळूच म्हणाले, "तू मला शिकवलेली चाल त्यांची व्हती रं."

मी हॉस्टेलच्या फोनपाशी उभा होतो. जप, जप म्हणून मी दोन वर्षं ऐकत होतो.

अण्णांच्या बहिणीचा मुलगा इंग्लंडला असतो, तो कधीचा बोलावत होता. अण्णा इतकी वर्षं गेले नाहीत, कारण आधी स्वतःचा फॉर्म भरावा लागला असता आणि तो खोटा भरणं त्यांना जमलं नसतं. आता भरला. तेरा प्रश्नांपैकी सहांना 'होय'. कंपनीने कागद परत पाठवला, या वयात, या दुखण्यासह विमा देता येत नाही. आबा म्हणाले, "मग जाऊ नकासा." तर अण्णा म्हणाले, "जातोय की. मी लोकास्नी काय सांगितलं? खरं लिवा, मग जावा. मी लिवलंय. त्यांनी न्हाय म्हटलं, ती त्यांची गोष्ट." ज्या माणसाने कुणालाही विम्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही, तो विम्याशिवाय विमानात बसला. हातावर दही आबांनी ठेवलं.

त्यानंतर तेवीस दिवस काही कळलं नाही. मी एक जुना नकाशा मिळवला. चिंचोके इथे मिळाले नाहीत, म्हणून इंग्लंडवर शेंगदाणा ठेवला. हॉस्टेलवरचे मित्र हसायचे. तिन्हीसांजेला त्यावर बोट ठेवून मी म्हणायचो: अण्णा, काळजाची झडप. पुढचं वाक्य मात्र मला म्हणवत नसे. ते खोटं ठरलं तर?

काल आबांचा फोन आला. पत्र आलं होतं. आबा अक्षर अक्षर लावून वाचतात, त्यामुळे मला ते फार सावकाश ऐकायला मिळालं. अण्णांनी लिहिलं होतं की तब्येत बरी आहे, पाऊस आहे, भाचा राजवाडा दाखवायला निघाला होता, पण मी दवाखाना बघायचा हट्ट धरला. बोळ तुम्ही सांगितलात तेवढाच लांब आहे. शेवटाला खिडकी आहे. गाई नाहीत, बाहेर गाड्या उभ्या आहेत, तरी मी खुर्ची घेऊन तासभर बसलो. मग एक नर्स आली आणि तिने इंग्रजीत विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाला भेटायला आलात?

इथे कागदाचा आवाज आला. त्यांनी पान उलटलं असावं.

"त्यांनी लिवलंय," आबा म्हणाले, "मी तिला सांगितलं, कुणाला न्हाय बाई. माझी समदी माणसं बरी हायेत."